एकसष्ट तक्रारी, एकीतही ब्रेक नाही

१

शोधायच्या चौकटीत ‘ब्रेक’ लिहिलं की एकसष्ट तक्रारी समोर यायच्या, आणि त्यांतल्या एकाही तक्रारीत ब्रेक हा शब्द नव्हता.

हे सुरक्षा निरीक्षकबाईंनी गुरुवारी स्वतः करून पाहिलं होतं. बुधवारी सकाळी एका सात मजली इमारतीत लिफ्ट थांबली, दार उघडलं, चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी एक पाय बाहेर टाकला आणि लिफ्ट खाली घसरली. बाई वाचल्या. पाय वाचेल की नाही ते ठरायचं होतं, आणि त्या अजून शुद्धीवर आलेल्या नव्हत्या. या नोंदी त्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या. निरीक्षकबाई आल्या, तक्रारींच्या नोंदीत त्यांनी एकच शब्द शोधला, आणि पडद्यावर हा एकसष्टांचा गोंधळ उभा राहिला.

म्हणून शुक्रवारी सकाळी मला बोलावणं आलं; बिघडलेले डेटाबेस दुरुस्त करणं हे माझं काम.

“इंडेक्स खराब झालाय,” मॅनेजर म्हणाला. शर्टाइतकीच चेहऱ्यालाही इस्त्री केलेला माणूस. “चार वाजता सुनावणी आहे. त्याआधी रीबिल्ड करून द्या.”

इंडेक्स म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच ही. शोध घेताना संगणक पानं चाळत बसत नाही, मागची यादी बघतो. रीबिल्ड म्हणजे जुनी यादी फाडून टाकायची आणि आत्ताच्या पानांवरून नवी करायची. दहा मिनिटांचं काम.

“बिघडला कशामुळे ते आधी बघते,” मी म्हटलं.

“मॅडम, आम्ही प्लंबर बोलावलाय. नळ गळतोय, बंद करा. पाणी कुठून आलं ते कशाला?”

“वरच्या मजल्यावरून येत असेल तर उद्या परत मलाच बोलवाल.”

त्याला ते आवडलं नाही. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. “चूक कुणाची ते आम्हाला माहीत आहे. सोमवारी पावणेबाराला त्या नर्सबाईंनी फोन केला होता. तक्रार घेणाऱ्या बाईंनी काय लिहिलंय वाचा.”

नोंदीत एकच ओळ होती. *थांबताना समतलात किंचित फरक.*

“ब्रेक गेलेल्या लिफ्टबद्दल हे? लिफ्ट मजल्याच्या जराशी वरखाली थांबते, एवढीच तक्रार महिन्याच्या फेरीत बघायची असते. ब्रेक लिहिलं असतं तर लिफ्ट त्याच दिवशी बंद केली असती. नियमच आहे. आज चारला बाईंचं निलंबन, नंतर पोलीस.” त्याने काचेपलीकडे बोट दाखवलं. “त्या बघा. फोन काढून घेतलाय.”

टेबलापाशी एक बाई पाठ करून बसली होती. ताठ कणा, घट्ट अंबाडा, टेबलावर काहीच नसताना दोन्ही हात टेबलावर. ती पाठ मी वीस वर्षं ओळखत होते. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण होती.

२

“तूच मिळालीस यांना,” वन्सं म्हणाल्या.

आम्ही फायलींच्या खोलीत उभ्या होतो. तिथे एकच खुर्ची होती आणि दोघींपैकी कुणीही तिच्यावर बसत नव्हतं. आमचं बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालेलं. कारण खरं होतं आणि माझंच होतं: त्यांचा संगणक दुरुस्त करून देते म्हणून मी घेऊन गेले, आणि त्यातले त्यांच्या यजमानांचे सगळे फोटो माझ्या हातून गेले. यजमान त्याआधीच गेले होते. मी शिकले ती पुस्तकं वाचून आणि लोकांची टाकाऊ मशीन उघडून; त्या शिकण्यातली सगळ्यांत महाग चूक वन्संच्या वाट्याला आली.

“नोंद तुम्ही केलीत ना?”

“चौकशी करायला आलीस का?”

“दुरुस्ती करायला.”

“मग झालंच कल्याण.”

असं काही आलं की माझा नवरा म्हणतो, मी दोघींच्या मध्ये पडत नाही. त्या क्षणी त्याचा हेवा वाटला.

“मी तसं लिहिलंच नव्हतं,” वन्संनी शेवटी सांगितलं. “त्या बाई बोलत गेल्या, मी टाइप करत गेले. त्यांचे शब्द, जसेच्या तसे. एकवीस वर्षं तेच करतेय. ‘समतलात किंचित फरक’ असं फोनवर कोण बोलतं गं? तू बोलशील?”

“नंतर बदललंत का काही?”

“बदलायचं असेल तर तक्रार उघडायची, दुरुस्त करायची, जतन करायची. तेवढंच येतं मला. तेही गेल्या कित्येक महिन्यांत केलेलं नाही.” मग आवाज खाली आला. “मॅनेजर म्हणतो, तुमचं वय झालं, ऐकू कमी येत असेल. निरीक्षकबाईंनी वाचलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. मीसुद्धा पडद्याकडे बघत होते आणि म्हणत होते, खरंच मीच लिहिलं की काय. तक्रार माझी, वेळ माझी, वाक्य मात्र दुसऱ्याचं.”

“मला दुपारपर्यंत वेळ द्या, वन्सं.”

“वेळ माझ्या हातात कुठे आहे? आणि हे बघ, तू कशालाही हात लावू नकोस. माझं जे गेलं ते पुरे झालं.”

दारातून बाहेर पडताना त्या मागे न बघता म्हणाल्या, “आधी कॉपी काढतेस ना हल्ली?”

काढत होते. दीड वर्षापासून, प्रत्येक कामाआधी, न चुकता. त्या दिवशीही खुर्चीत बसल्यावर मी सगळ्यांत आधी तेच केलं. डेटाबेसची आख्खी कॉपी, इंडेक्ससकट, माझ्या डिस्कवर.

३

ही सगळी व्यवस्था ज्याने बांधली त्याला ऑफिसात ‘सिस्टीमवाला’ म्हणत. भुवया सतत वर. मी चूक काढायला आले आहे असं धरूनच तो खुर्ची ओढून बसला.

“डिस्क जुनी आहे. मी तीनदा लिहून दिलंय. डिस्क सडली की इंडेक्स सडतो. संपला विषय.”

“नोंदी किती आहेत?”

“चाळीस हजारांच्या वर.”

“तपासणी चालवली. इंडेक्स आणि नोंद यांचं जुळत नाही अशा एकसष्टच निघाल्या. बाकी सगळ्या शब्दाला शब्द जुळतात. आणि या एकसष्टांत इंडेक्सच्या मते प्रत्येकीत ‘ब्रेक’ आहे.”

त्याच्या भुवया थोड्या खाली आल्या.

“सडणारी डिस्क कुठेही सडते,” मी म्हटलं. “एकच शब्द वेचून सडणारी डिस्क मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिलीय?”

मी एकसष्टांचा मजकूर एकाखाली एक लावला. वेगवेगळ्या इमारती, वेगवेगळ्या तारखा, गेले तीन महिने. आणि सगळीकडे अक्षर न् अक्षर तीच ओळ. थांबताना समतलात किंचित फरक. शेवटची नोंद सोमवारची, वन्संची.

“एखादी नोंद बाईंनी त्यांच्या पडद्यावरून बदलली तर इंडेक्सचं काय होतं?”

“आधी जुने शब्द इंडेक्समधून काढले जातात, मग नवे घातले जातात. ते मी चोख केलेलं आहे.” शेवटचं वाक्य त्याने जरा जोरात म्हटलं.

“म्हणजे बाईंनी बदललं असतं तर ‘ब्रेक’ इंडेक्समधूनही गेला असता.”

“हो.”

“तो गेलेला नाही. म्हणजे पान बदललं आणि मागची यादी तशीच राहिली. हे तुमचा पडदा टाळून, थेट टेबलात, म्हणजे मूळ नोंदींच्या तक्त्यात, हात घातला तरच होतं. असा हात घालायची वाट आहे का?”

त्याने चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

“इमारतींचे नंबर चुकीचे पडायचे,” तो म्हणाला. “मुख्य मिस्त्री डोकं खायचे. म्हणून एक शीट करून दिली. उघडायची, शोधून बदलायचं, की थेट टेबलात बदल. इंडेक्सचा विचार तेव्हा… राहिला.”

“ही शीट कुणाकुणाकडे?”

“मिस्त्रींकडे. मॅनेजरसाहेबांकडे. आणि माझ्याकडे. कोण कधी उघडतं त्याची नोंद होत नाही.”

तिघांचीच नावं होती, आणि वन्सं त्यांत नव्हत्या. पण ‘त्या नव्हत्या’ एवढ्यावर कुणी सुटत नाही; ‘कोण होतं’ हेही लागतं. आणि त्या बारीक गोऱ्या बोटांनी चष्मा पुसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, ते मला अजून कळत नव्हतं.

४

मुख्य मिस्त्री तळघरात भेटले. हात ग्रीसचे, नजर त्याहून काळी.

“मला सकाळी आठला छापील यादी मिळते,” ते म्हणाले. “मंगळवारच्या यादीत त्या इमारतीपुढे ‘समतलात फरक’ होतं. मी ती महिन्याच्या फेरीत टाकली. तुम्ही काय केलं असतं?”

“तेच केलं असतं.”

“मग? लोक म्हणतात मिस्त्रीने बघितलं नाही. बायका फोनवर काहीही लिहितात, आणि शिव्या खायच्या आम्ही.”

“शीट वापरता ना तुम्ही?”

“नंबर दुरुस्त करायला. का? आता ते पण माझ्यावर?” त्यांनी पाना ठेवला, आणि ठेवला तसा तो वाजला. “बाई, सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. या सव्वीस वर्षांत एका माणसाने फोन करून म्हटलेलं नाही की लिफ्ट छान चालतेय. बिघडली की सगळ्यांना मिस्त्री आठवतो. तक्रार घेणाऱ्या त्या बाई तर जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत.”

“त्या घरीही बोलत नाहीत,” मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला नाही, आणि तो नव्हताही.

वर आले तर मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा होता. “झालं?”

“साहेब, ही शीट तुमच्याकडेही आहे म्हणे.”

“मिस्त्रीकडेही आहे. मी ती वर्षभरात उघडलेली नाही. आणि लिफ्ट न बघता तक्रार हलकी करून कामातून सुटका कुणाची होते, याचा विचार करा. माझी की त्याची?” मुद्दा वाईट नव्हता. तो हसला. “पण तुम्ही विचार करू नका. तुमचं कुणाशी काय नातं आहे ते मला आत्ता कळलं. असं नातं लपवून कामावर येणं बरं दिसत नाही. पर्स घ्या आणि निघा.”

“नातं विचारलं असतंत तर सांगितलं असतं. चांगलं नाही, हेही सांगितलं असतं.”

“रीबिल्ड आमच्या माणसाने केलंय. पाच मिनिटांपूर्वी. मीच सांगितलं.”

मी पडद्याकडे वळले. चौकटीत ‘ब्रेक’ लिहिलं.

*एकही नोंद सापडली नाही.*

५

मी समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले आणि डिस्क जोडली.

कॉपीत जुना इंडेक्स शाबूत होता. पण ‘या नोंदीत कधीतरी ब्रेक हा शब्द होता’ एवढं सांगून भागणार नव्हतं. मॅनेजर म्हणाला असता, ब्रेक ठीक आहे असं लिहिलं असेल. मला वाक्य हवं होतं.

पुस्तकामागची यादी फक्त पान सांगते. हा इंडेक्स त्यापेक्षा एक गोष्ट जास्त सांगतो: तो शब्द नोंदीत कितवा होता. नाहीतर दोन शब्द शेजारी शेजारी आहेत की नाही हे त्याला शोधता आलं नसतं. म्हणजे एका नोंदीचे सगळे शब्द गोळा करून क्रमाने मांडले, की पुसलेलं वाक्य पुन्हा उभं राहतं. फक्त ‘आहे’, ‘नाही’, ‘आणि’, ‘असं’ यांसारखे बारीकसारीक शब्द तो जागा वाचवायला घेत नाही. तिथे खड्डे राहतात.

सोमवारच्या नोंदीपासून सुरुवात केली. कागदावर आकडे लिहिले आणि त्यांच्यापुढे शब्द. पहिला, दुसरा, तिसरा. सतरा जागा, दोन खड्डे. शेवटच्या चार जागा भरल्यावर मी पेन खाली ठेवलं.

मग बाकीच्या साठ नोंदी प्रोग्रामकडून लावून घेतल्या आणि एक एक वाचत गेले. ब्रेक आवाज करतो. ब्रेक लागताना हिसका बसतो. एकेचाळिसाव्या नोंदीपाशी थांबले, परत वाचली, आणि कोणी केलं ते मला कळलं.

सिस्टीमवाल्याला मी संशयातून आधीच सोडून दिलं होतं. मागे यादी राहते हे एकट्या त्यालाच माहीत होतं. त्याने केलं असतं तर त्याच दिवशी ती नवी केली असती. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पुरावा उघड्यावर ठेवून तो बसला नसता.

साडेतीनला मागच्या जिन्याने परत वर गेले आणि फायलींच्या खोलीत वन्संपुढे तो कागद ठेवला.

“हे तुमचं?”

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. ओठ हलत होते.

*लिफ्ट थांबल्यावर खाली घसरते, ब्रेक धरत —, मला जिना चढवत —, लवकर या. मिस्त्री आजच येतील सांगितलं.*

“‘नाही’ आहे तिथे,” त्या म्हणाल्या. “दोन्हीकडे ‘नाही’. जिना चढवत नाही म्हणाल्या होत्या. गुडघे.” मग बोट शेवटच्या चार शब्दांवर गेलं आणि तिथेच राहिलं.

सकाळपासून वन्सं एवढ्या कडू कशामुळे होत्या ते मला तेव्हा कळलं.

“त्यांनी विचारलं, लिफ्ट वापरू का,” वन्सं म्हणाल्या. “मी म्हटलं, आजच येतील, काळजी करू नका. रोज म्हणते. सगळ्यांना म्हणते.”

“ते लोक यावर बोट ठेवतील. तुम्ही धीर दिलात म्हणून बाई लिफ्टमध्ये गेल्या, असं म्हणतील.” मी पहिल्या शब्दांकडे बोट केलं. “‘घसरते’ आणि ‘ब्रेक’ एवढ्यानेही तुम्ही सुटता. कागद माझा आहे. किती जागा भरायच्या ते…”

“सगळ्या भरायच्या,” वन्संनी मला तोडलं. “तो शब्द पुसतो आणि तू पण पुसणार? आण इकडे. नीट अक्षरात लिहून काढते. तुझं अक्षर वाचवत नाही.”

६

सुनावणीला निरीक्षकबाई, मॅनेजर, मिस्त्री, सिस्टीमवाला, वन्सं, आणि वन्संनी साक्षीदार म्हणून आत नेलेली मी. मला बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून उभ्यानेच बोलले. इंडेक्स काय, शीट काय, कॉपी कधी काढली. सिस्टीमवाल्याने मान खाली घालून ‘बरोबर आहे’ म्हटलं. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

“हा नुसता आकड्यांचा जादूटोणा आहे,” मॅनेजर म्हणाला. “खड्डे आहेत त्यात. ‘ब्रेक धरत’, पुढे काय? ‘आहे’ का ‘नाही’? रिकाम्या जागेत या बाई काय भरणार?”

“मी काहीच भरलेलं नाही,” मी म्हटलं.

“‘खाली घसरते’ यात खड्डा नाही,” निरीक्षकबाई कोरडेपणाने म्हणाल्या. “पुढे.”

“बाईंनी हे बदललेलं नाही, हे झालं. शीट तिघांकडे. उरले मिस्त्री आणि साहेब.”

“मिस्त्रीच,” मॅनेजर म्हणाला. “काम टाळायला.”

मिस्त्री उठू लागले. मी त्यांच्यापुढे एकेचाळिसावी नोंद ठेवली. “आधी वाचा. मोठ्याने.”

त्यांनी कागद लांब धरला. “ब्रेक बदलल्यापासून लिफ्ट अलगद थांबते, माझ्या आईला आता भीती वाटत… मिस्त्रींना आवर्जून सांगा, मनापासून आभार.” ते थांबले. “ही कधीची?”

“दोन महिन्यांपूर्वीची. आता तिथेही ‘समतलात किंचित फरक’ आहे.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“ते माझं चुकलं,” वन्सं म्हणाल्या. “आपलं बोलणं नव्हतं.”

मी निरीक्षकबाईंकडे वळले. “मिस्त्रींनी तक्रारी हलक्या केल्या असत्या तर त्या वाचून केल्या असत्या. सव्वीस वर्षांत मिळालेली ही एकमेव शाबासकी ते पुसतील? ज्याने हे केलं त्याने वाचलंच नाही. ‘ब्रेक’ शोधलं, आलेल्या सगळ्यांवर एकच ओळ चिकटवली. तक्रार काय, आभार काय, त्याला फक्त तो शब्द नोंदीत नको होता. आणि काम टाळायचं तर महिनोन्‌महिने आधी पूर्ण झालेल्या तक्रारी कशाला पुसायच्या? हा शब्द कुणी शोधणार होतं का?”

निरीक्षकबाईंनी फाइल उघडली. “वार्षिक तपासणी पुढच्या सोमवारी आहे. नोंदीत ‘ब्रेक’ शोधून पाहू, असं आम्ही पत्रात कळवतो. या सोमवारी दुपारी पोचलंय.” त्यांनी पोच पुढे सरकवली. “सही तुमची आहे, मॅनेजरसाहेब. पत्र आणखी कुणी पाहिलं होतं?”

मॅनेजरने पोचेकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, मग दाराकडे. “जुन्याच तक्रारी होत्या सगळ्या,” तो म्हणाला. “सोमवारची एक त्यात आहे हे मला कसं कळणार?”

आपण काय बोललो ते त्याच्या चेहऱ्यावर जरा उशिराच पोचलं.

“वाचलं असतंत तर कळलं असतं,” मिस्त्री म्हणाले.

निरीक्षकबाईंनी मॅनेजरचा संगणक बंद करून ताब्यात घेतला आणि शेवटी वन्संना विचारलं, “हे सोमवारचं वाक्य तुमचंच ना?”

“पहिलं त्या बाईंचं. शेवटचं माझं. तेही लिहून घ्या.”

लिहून घेतलं गेलं. त्याचं पुढे काय होईल ते कुणी सांगितलं नाही; निलंबनाचा कागद मात्र टेबलावर तसाच उलटा पडून राहिला.

जिन्यात वन्संनी घड्याळ पाहिलं. “इस्पितळात भेटायची वेळ सहापर्यंत असते. गाडी आणलीयस?”

“हो.”

“सोड मला. गप्पा नकोत.”

इस्पितळाच्या खिडकीतल्या मुलीने सांगितलं की बाई दुपारी शुद्धीवर आल्यात, पण फक्त घरच्यांना सोडतो. “तुम्ही त्यांच्या कोण?”

मी काहीतरी नातं जोडून देणार होते. वन्संनी माझा हात दाबून मला थांबवलं.

“सोमवारी त्यांचा फोन मी घेतला होता,” त्या म्हणाल्या. “तेवढंच सांगा त्यांना. मग बोलावलं तर जाईन.”